न मोडलेली भाकरी

दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मावशी, अंक छपाईला चाललाय, दोन दिवसांत शिळ्या भाकरीचे दहा पदार्थ लिहून द्या. तुमच्या कुस्कऱ्याचं नाव अजून लोक काढतात." मी हो म्हणून बसले. वही घेतली, तीन पदार्थ लिहिले आणि तिथंच अडकले. पदार्थ येत नाहीत असं नाही. तीस वर्षं वडवणीत खानावळ चालवली आहे, दहा काय वीस सांगेन. पण चौथा लिहायला घेतला की एका म्हाताऱ्या माणसाचं तोंड पुढं येतं आणि हात चालत नाही. म्हणून म्हटलं, आधी तेच लिहून टाकावं. छापायचं की फेकायचं ते त्यांनी ठरवावं.

स्टँडवरून बाजारतळाकडं निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं छप्पर दिसतं, पुढं दोन बाकडी, आत दोन चुली. तीच माझी खानावळ. पाटी कधी लावली नाही. नवरा गेला तेव्हा मला भाकरी थापण्यापलीकडं काही येत नव्हतं, मग तेच करत बसले. सोबतीला छबूबाई. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ, आणि तिच्या हातची भाकरी फुगली नाही असं मी अजून पाहिलेलं नाही. ती थापते, मी भाजते आणि वाढते. भांडणं रोज होतात, पण काम थांबत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, खानावळीत अवघड काम म्हणजे स्वयंपाक. ते नव्हे. अवघड असतो अंदाज. बाजारच्या दिवशी किती माणूस येईल हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. एखाद्या बाजारी दुपारी दोनलाच परात रिकामी होते आणि लोक पाणी पिऊन जातात. पुढच्या बाजारी त्याच हिशेबानं जास्त पीठ मळावं, तर नेमकं तालुक्यात कुणाच्या तरी लग्नाची पंगत असते आणि दुरडीभर भाकरी तशीच राहते. पीठ उरलं तर उद्याला चालतं. भात उरला तर फोडणी घालता येते. पण ज्वारीची भाकरी उरली की तिचं काय करायचं, हाच आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. त्यात मी पटाईत झाले. एवढी की आमच्या दारात कुत्रं थांबत नसे. त्याला ठाऊक होतं, इथं काही पडत नाही.

या गोष्टीचा मला गर्व होता. आता लपवून काय करू.

तर आधी शिळं आणि विटलेलं यातला फरक. शिळं म्हणजे कालचं, विटलेलं म्हणजे वाया गेलेलं. भाकरी तव्यावरून काढली की दुरडीत एकमेकींना टेकवून उभी करायची, म्हणजे वाफ निघून जाते. गरम भाकरी फडक्यात गुंडाळली तर तिला घाम सुटतो, आणि घाम सुटलेली भाकरी सकाळी आंबूस लागते. नीट थंड झालेली भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते पण वासाला गोड राहते. ती हातात घेऊन मोडायची. कडकन मोडली तर कामाची, लवली आणि तार सुटली तर गाईच्या पुढं.

कुस्करा सगळ्यांना येतो, पण बहुतेक जणी घाई करतात. भाकरी हातानं कुस्करायची, मिक्सरला लावली की पीठ होतं. मग ताकाचा हबका मारून वीसेक मिनिटं झाकून ठेवायची. तेल जरा सढळ, त्यात मोहरी, शेंगदाणे, कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद. कुस्कर टाकून परतायचं, झाकण ठेवून एक वाफ काढायची. एवढंच. दुसरा प्रकार तुकड्यांचा. भाकरीचे तुकडे दोन दिवस कडक उन्हात वाळवले की डब्यात महिनाभर राहतात, लागतील तेव्हा येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीत टाकून शिजवायचे. तिसरा मी कुणाला सांगितला नव्हता. वाळलेल्या भाकरीचा चुरा खमंग भाजून रश्श्याला लावला की रस्सा दाट होतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, आज रस्सा लई जमलाय." छबूबाई चुलीकडं तोंड फिरवून हसायची.

एकदा बाहेरगावचे एक साहेब कसल्याशा पाहणीला आले होते. सकाळी म्हणाले, उपमा मिळेल का. मी कुस्करा दिला. त्यांनी दोनदा मागून घेतला, म्हणाले, ज्वारीचा उपमा आमच्याकडं कुणी असा करत नाही, कृती सांगा. मी सांगितली. शिळी भाकरी म्हटल्याबरोबर त्यांचा घास वाटेतच थांबला. मग इकडंतिकडं बघून त्यांनी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि हळूच म्हणाले, "ते कालचंच द्या." मुक्कामाची गाडी आणणारा एक ड्रायव्हर तर ताज्या भाकरीला हात लावत नसे. त्याचं म्हणणं, ताज्या भाकरीनं डोळ्यावर झापड येते, शिळी भाकरी, ठेचा आणि वरून कच्चं तेल खाल्लं की गाडी सरळ चालते. अशा लोकांनी माझा गर्व वाढवला. मला वाटायला लागलं, उरलेल्या अन्नाचं मला जेवढं कळतं तेवढं या तालुक्यात कुणाला कळत नाही.

आता आबांचं सांगते.

आबा वडवणीपासून तीन-चार कोसांवरच्या एका वस्तीतले. ऐंशीच्या आसपासचं वय. दर बाजारी यायचे, कधी बोकड विकायला, कधी नुसतेच माणसं बघायला. तोंडात एक दात नव्हता. कवळी करून आणली होती, पण ती टोचते म्हणून ट्रंकेत ठेवून दिली होती. बाकड्यावर बसले की पहिलं विचारायचे, "कालची हाय का गं बाई?" नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा काटकसरी आहे. तसं नव्हतं. ताजी भाकरी आमटीत चुरली की तिचा चिकट गोळा होतो, टाळूला बसतो. कालची भाकरी आमटी पिते आणि मोकळी राहते. बिनदातांच्या माणसाला तीच उतरते. आबा खोल ताटलीत दोन भाकरी चुरायचे, वर भरपूर आमटी ओतून घ्यायचे आणि ती भिजेपर्यंत आम्हाला गोष्ट सांगायचे. गोष्ट संपली की जेवण सुरू. मी त्यांना चिडवायचे, "आबा, गोष्ट आखडा, मागं माणसं खोळंबलीत." ते म्हणायचे, "भिजू दे, भिजू दे. तुला काय घाई झालीय?"

त्यांचा मुलगा दत्ता आणि सून सुमन दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. आमच्याकडं त्याला कारखान्याला जाणं म्हणतात. आधी म्हातारी होती, ती आबांचं करायची. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. दसरा झाल्यावर दत्ता आणि सुमन दोघंही माझ्याकडं आले. दत्ता म्हणाला, "मावशी, मपल्या आबाला डबा द्या. दोन टायमाचा एकदाच दिला तरी चालंल. आमी परत येऊस्तोर तेवढं सांभाळा. दुसरं काय मागत न्हाई."

मी म्हटलं, "त्यांची काळजी सोड. आबा माझ्या घरचेच आहेत."

सुमन मागं उभी होती. ती म्हणाली, "आमटी जरा जास्तीची घालत जा मावशी. त्यायला भाकर भिजवून लागती."

"मला सांगतेस होय गं," मी म्हटलं. असं म्हटलेलं मला चांगलं आठवतं. हसून म्हटलं होतं.

डबा पोचवायची सोय अशी झाली. भागवत म्हणून त्याच वस्तीचा दूधवाला आहे. चार म्हशी, मोटारसायकल, दोन्ही बाजूंनी किटल्या. रोज सकाळी वडवणीत दूध घालतो आणि दहाच्या सुमाराला परत निघतो. मी डबा भरून त्याच्या गाडीला अडकवायचे. तो आबांच्या ओट्यावरच्या खुंटीला लावायचा आणि कालचा रिकामा डबा काढून घ्यायचा. आबांना कमी ऐकू येतं, मागच्या अंगाला शेळ्यांपाशी बसलेले असतात, म्हणून तो हाक मारत बसत नसे. डब्याची अशीच रीत असते. डबा पाठवणाऱ्यानं जेवणाऱ्याचं तोंड बघायचं नसतं, रिकामा डबा बघायचा. तो रिकामा आला की समजायचं, माणूस जेवला.

महिना-सव्वा महिना डबा चाटूनपुसून यायचा. मी मुद्दाम कालच्या भाकरी निवडून घालायचे आणि डब्याचे दोन पुडे भरून आमटी. मग एक दिवस भागवत वैतागून आला. पँटीवर पिवळा डाग, गाडीची सीट तेलकट. म्हणाला, "मावशी, रस्सा नका देत जाऊ बरं. रस्ता कसा हाय तुमाला ठाव हाय. गाडी उसळली की समदी आमटी मपल्या मांडीवर. उद्या दुधाच्या किटलीत गेली तर गिऱ्हाईक जोडे मारंल मला."

डब्याच्या झाकणाचं रबर सैल झालं होतं. तेवढं आणलं असतं तर भागलं असतं. बाजारात भांड्यांच्या दुकानात मिळतं. दोन बाजार मी ते विसरले, तिसऱ्या बाजारी दुकान बंद होतं. तोवर म्हटलं, सुकी भाजी देऊ. बटाटा, वांगं, कधी पिठलं घट्ट करून. आणि सुकी भाजी रोज जायला लागल्यावर रबराचं मनातूनच गेलं.

त्यानंतर भाकरी परत यायला लागली. आधी चारातली एक, मग दोन. भाजीचा पुडा रिकामा यायचा, वरच्या पुड्यात भाकरी स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलेली असायची. अख्खी. कुठं बोटानं दाबलेली नाही, कड मोडलेली नाही. आमच्याकडं मोडलेली भाकरी उष्टी धरतात, ती दुसऱ्याच्या पानात जात नाही. न मोडलेली चालते. आबांनी माझ्या खानावळीत वर्षानुवर्षं कुस्करा होताना पाहिला होता, कालच्या भाकरीचं मी काय काय करते ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते भाकरीला नख लावत नव्हते. आमटीवाचून आपल्याला उतरत नाही तर निदान बाईच्या कामाला तरी येऊ दे, असा त्यांचा विचार. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला फक्त फडक्याची घडी दिसली आणि वाटलं, किती टापटिपीचा माणूस आहे.

छबूबाईनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. फडकं सोडता सोडता म्हणाली, "आज दोन आल्या बगा. म्हातारा का म्हून खाईना झालाय?"

मी म्हटलं, "थंडीत भूक कमी होते. वयही आहे."

"थंडीत भूक वाढती. तुमी भागवतला इचारा की."

"भाजी तर सगळी खातात ना. उगं बोभाटा करू नकोस."

परतीची भाकरी मी गिऱ्हाइकाला घालत नसे, तेवढा नेम पाळला. ती आम्हा दोघींच्या न्याहारीला. ताकाचा हबका, शेंगदाणे, लसूण, एक वाफ. दीडेक आठवड्यात तर चारही भाकरी परत यायला लागल्या, आणि आमची न्याहारी रोज त्यांच्यावरच व्हायला लागली. एक दिवस मी म्हटलेलं आहे, "आबांच्या भाकरीचा कुस्करा लई मोकळा होतो बघ." छबूबाई तेव्हा खात नव्हती. ती चहा घेऊन उठून गेली होती.

दत्ता आठ-पंधरा दिवसांनी फोन करायचा. उसाच्या फडाजवळ कोप्या असतात, बांबू आणि पाचटाच्या, तिथून. आबांकडं साधा फोन होता, पण त्यांना ऐकू येत नसे, म्हणून मलाच विचारायचा. "मावशी, आबा जेवतेत न्हवं?"

"जेवतात की. डबा जातो रोज."

"काय कमीजास्त लागलं तर सांगा बरं का."

"काही नाही लागत. तू तुझं काम कर."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. डबा रोज जात होता. पण जेवतात हे मला ठाऊक नव्हतं. बटाट्याची भाजी हिरड्यांनी दाबून एखादं माणूस दिवस काढू शकतं, त्याला जेवणं म्हणत नाहीत.

मग एक दिवस भागवतनं डबा भरलेलाच आणला. भाजीसुद्धा तशीच. म्हणाला, "खुंटीलाच व्हता. पावण्याकडं गेलं असतील." मलाही तेच वाटलं. माणसानं बरं तेच वाटून घ्यावं अशी आपली खोड असते. दुसरा डबा गेला. तोही दुसऱ्या दिवशी खुंटीलाच सापडला, तेव्हा भागवतनं दार ढकललं आणि आतूनच मला फोन केला. "मावशी, आबा पडून हायेत. अंग लई तापलंय. बोलतेत, पर उठना झालेत."

मी जीपनं गेले. जाताना येसराची आमटी केली, कालच्या भाकरी त्यात चुरून, भिजवून, किटलीत भरून नेल्या. झाकणाला फडकं बांधलं. एक थेंब सांडला नाही. इतकं सोपं होतं ते.

वस्ती म्हणजे पंधरा-वीस घरं. त्या दिवसांत बहुतेकांना कुलूप असतं, जी उघडी असतात त्यात म्हातारी माणसं आणि शेळ्या. आबा बाजेवर होते. गालफडं आत गेलेली. चूल कित्येक दिवस पेटलेली दिसत नव्हती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं काला भरवायला लागले. दोन घास गेले, तिसरा ओघळला.

मी म्हटलं, "आबा, भाकरी उतरत नव्हती तर सांगायचं ना. भागवतच्या हाती एक शब्द धाडायचा."

ते थांबून थांबून बोलले. "अन्नाला नाव कशाला ठिवायचं? तू मनानं दिलतं."

"पण उपाशी राहायचं का मग?"

"भाजी खाल्ली की." थोड्या वेळानं म्हणाले, "भाकर वाया गेली का?"

"नाही आबा. एकही नाही गेली."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

भागवतनं गाडी केली. बीडला सरकारी दवाखान्यात नेलं. छातीत कफ झाला होता, अंगात काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, धावपळ केली. मी दत्ताला फोन केला, आणि पहिल्यांदा खरं बोलले. तो म्हणाला, निघतो. पण फड दूर होता, गाड्या बदलत यायचं होतं. तो बीडच्या स्टँडवर उतरला तेव्हा आबा जाऊन दोन तास झाले होते. परत येऊस्तोर सांभाळा, एवढंच त्यानं मागितलं होतं.

कुणी मला बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, वय होतं. गावातले लोक म्हणाले, म्हातारी गेल्यापासून आबाचं मन लागत नव्हतं. कुणी तर माझं कौतुकही केलं, परक्या बाईनं एवढं केलं म्हणून. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्यांच्या घरी चूल बंद, म्हणून कडू घासाची पिठलं-भाकरी मीच करून नेली. दत्ता भिंतीला टेकून बसला होता. मी जवळ गेले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मावशी, तुमी फोनवर म्हणायच्या, जेवतेत."

"डबा जायचा दत्ता. म्हणून म्हणायचे."

सुमन आत घर आवरत होती. ती माझा डबा घासून घेऊन आली. पुडे वेगळे करून तिनं एकेक बघितला. मग मला विचारलं, "मावशी, पातळ देत नव्हता व्हय?" रागानं विचारलं नाही. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं. मी भागवतच्या पँटीचं सांगितलं, रबराचं सांगितलं, बाजाराच्या दिवशी दुकान बंद होतं तेही सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकवत नव्हतं. ती ऐकून घेत होती. सगळं झाल्यावर डबा माझ्या हातात देऊन ती आत गेली.

त्या दिवसापासून बाहेरगावचे डबे मी बंद केले. खानावळ चालू आहे, कारण छबूबाईला दुसरं काही नाही आणि मलाही नाही. भाकरी अजून उरतेच. छबूबाई कुस्करा करते. मी खात नाही. नेम वगैरे नाही, ताटलीत समोर आला की ताटली बाजूला सरकवते. तीस वर्षं मी उरलेली भाकरी हातात घेऊन एकच विचार केला, हिचं काय करता येईल. ती का उरली, हे एकदाही नाही. गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं होतं, की घरी भांडून आला होता, की मीठ जास्त पडलं होतं, मला काय त्याचं. मला भाकरी मिळाली होती. माझी हुशारी म्हणून लोक जे सांगतात ते हे आहे. त्याची आता मला शिसारी येते.

चार दिवसांपूर्वी दत्ता आला होता. यंदाही दसऱ्यानंतर टोळी निघायची होती. आबांची एक विधवा बहीण आहे, गोदाआत्या. ती आबांच्या दहाव्या-तेराव्याला आली होती ती तिथंच राहिली, घर आणि शेळ्या बघायला. दत्ता बाकड्यावर बसला नाही, उभ्यानंच म्हणाला, "मावशी, आत्या एकलीच ऱ्हाती आता. डोळ्यानं दिसत न्हाई. चुलीपाशी गेली तर लुगडं पेटवून घिईल. डबा द्याल का?"

मला आधी वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. "दत्ता, माझ्याकडं कशाला आलास रे?"

"मंग कुणाकडं जाऊ?" तो म्हणाला. "वस्तीवर हाय कोण? समदे आमच्यासंगंच चाललेत."

"तुला माझा राग नाही?"

"राग करून काय करू, सांगा. माघारी कुणीतरी पाह्यजे न्हवं."

छबूबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "द्या की," ती म्हणाली. "मी भरून देते. रबर बी आणते नवं."

मी नाही म्हटलं. माझ्याच्यानं आता होत नाही, मला कुणाची जबाबदारी नको, दुसरी सोय बघ, असं काहीबाही बोलले. आवाज चढला होता माझा. दत्तानं समजूत घातली नाही. "बरं" म्हणाला आणि स्टँडकडं गेला. छबूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

परवा त्यांची टोळी गेली. ट्रॅक्टर बाजारतळावरून गेला, मागं भांडी, गोधड्या, शेळ्या, माणसं. सुमननं मला पाहिलं, मान हलवली. दुसरी सोय झाली की नाही ते मला माहीत नाही. भागवत रोज सकाळी येतो, दूध मापतो आणि दहा वाजता त्याच वस्तीवर परत जातो. गोदाआत्या काय खाते हे त्याला विचारलं तर तो सांगेल. आज तिसरा दिवस. आजही तो माझ्यासमोर पाच मिनिटं उभा होता, आणि मी त्याला विचारलं नाही.